गर्भपाताच्या कायद्यावर चर्चा घ्यायची असेल तर

पुण्यात कुठल्याही विषयावर व्याख्यान होतं. मधुमेह, मृत्युपत्र, म्युच्युअल फंड, गुडघेदुखी, गच्चीवरची बाग, सगळ्याला सभागृह मिळतं आणि ते भरतंही. गर्भपाताचा विषय मात्र महिला मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांत सहसा नसतो. समोर बसलेल्या बायकांपैकी कितीतरी जणी त्यातून गेलेल्या असतात, तरी नसतो.

माझी सगळी नोकरी प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून गेली. निवृत्त झाल्यापासून बचत गटांत, कॉलेजांच्या एनएसएस शिबिरांत आणि आमच्या सिंहगड रस्त्यावरच्या ज्येष्ठ नागरिक संघातही मी या विषयावर चर्चा घेते. "ताई, आम्हालाही आमच्या गटात घ्यायची आहे, पण सुरुवात कशी करायची? भांडणं झाली तर?" असे फोन येतात. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे.

गर्भपात कायदेशीर असावा, सुरक्षित असावा आणि निर्णय त्या बाईचा असावा, हे माझं मत. चर्चा सुरू होताच मी ते सांगून टाकते. आपण तटस्थ असल्याचा आव आणला की लोक आपलं खरं मत काय असेल ते ओळखत बसतात आणि विषय बाजूला राहतो. मत सांगा, आणि विरुद्ध मत असणाऱ्याला इथे पूर्ण वेळ मिळेल हेही सांगा. मग तो खरोखर द्या.

आधी प्रश्न बदला

"गर्भपात कायदेशीर असावा की नसावा?" असं फळ्यावर लिहू नका. वक्तृत्व स्पर्धेला ते ठीक आहे. बैठकीत मात्र लगेच दोन तट पडतात आणि पुढे कुणी कुणाचं ऐकत नाही. शिवाय आपल्याकडे याचा कायदा १९७१ पासून आहे. त्यात काय लिहिलंय हेच माहीत नसेल तर तो असावा की नसावा हे ठरवणार कशावरून?

मी तीन प्रश्न लिहिते. निर्णय कुणी घ्यायचा? कितव्या आठवड्यापर्यंत? आणि "नाही" असं उत्तर मिळालं तर ती बाई पुढे काय करते? तिसरा प्रश्न सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहा. कट्टर विरोध असलेली माणसंसुद्धा पहिल्या दोन प्रश्नांवर तावातावाने बोलतात आणि तिसऱ्यावर थांबून विचार करतात, कारण अशी एखादी बाई प्रत्येकाच्या पाहण्यात असते.

कुणाला बसवायचं, कुठे बसवायचं

वीस-पंचवीस माणसं पुरे. त्याहून जास्त झाली की मागच्या रांगेत वेगळी चर्चा सुरू होते. वस्तीत दुपारी दोन ते चार ही वेळ धरा, पाणी भरून झालेलं असतं आणि मुलं शाळेतून यायची असतात. पेठांमधल्या मंडळांना संध्याकाळी पाचची वेळ सोयीची पडते. जागा म्हणून अंगणवाडी किंवा समाजमंदिर चांगलं. देवळाचा सभामंडप फुकट मिळाला तरी नको, देवासमोर बसून या विषयावर मोकळं बोलणं बायकांना जड जातं.

सासू आणि सून एकाच बैठकीत बसवू नका. हे मी फार आग्रहाने सांगते. सून तोंड उघडणार नाही, आणि उघडलं तर घरी गेल्यावर तिला त्याची किंमत मोजावी लागेल. सासवांची बैठक वेगळी घ्या. ती तर जरूर घ्या, कारण दवाखान्यात बरोबर कोण जाणार आणि पैसे कोण देणार हे पुष्कळ घरांत त्याच ठरवतात. पुरुषांना वगळू नका, पण बायकांची एक बैठक झाल्यावर दुसऱ्या फेरीत बोलवा.

मोबाइल एका पिशवीत गोळा करा. कुणी रेकॉर्डिंग करत नाहीये एवढं कळलं तरी वातावरण सैल होतं. मग मुख्य नियम: स्वतःची किंवा दुसऱ्या कुणाची खरी गोष्ट सांगायची नाही. "माझ्या ओळखीतल्या एकीचं" असंसुद्धा नाही. जनता वसाहतीसारख्या दाट वस्तीत गल्लीचं आणि पोरांच्या संख्येचं वर्णन केलं की नाव सांगावं लागत नाही. ज्याला विचारायचं आहे त्याने चिठ्ठी लिहून डब्यात टाकावी. लिहिता न येणाऱ्या बायकांसाठी तुमच्यापैकी एकीने दाराबाहेर बसावं आणि त्यांच्या चिठ्ठ्या लिहून द्याव्यात.

कायदा खेळासारखा काढा

कायद्याचं भाषण दिलं तर पेंग येते. मी एकेक वाक्य वाचते, ज्यांना बरोबर वाटतं त्यांनी उभं राहायचं, बाकीच्यांनी बसून राहायचं. वाक्यं अशी: गर्भपात करणं भारतात गुन्हा आहे. नवऱ्याची सही लागते. लग्न झालेलं नसेल तर करता येत नाही. पहिला गर्भ पाडू देत नाहीत. आठवडे त्या रात्रीपासून मोजतात.

पहिल्या वाक्याला निम्मा गट उभा राहतो, आणि पूर्ण चुकीचा असतो असंही नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत गर्भपात घडवून आणणं हा गुन्हा होता, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि पोटात हालचाल सुरू झालेली असेल तर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भपात करणारी बाईसुद्धा त्यात गुन्हेगार. तो गुन्हा आजही पुसलेला नाही. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम ८८ मध्ये तो तसाच आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने त्याला अपवाद केला. हा कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यातलं कलम ३ असं सांगतं की ठरावीक परिस्थितीत गर्भपात केला तर नोंदणीकृत डॉक्टर दोषी ठरणार नाही.

इथे थांबा आणि गटाला विचारा: या वाक्यात बाई कुठे आहे? संरक्षण डॉक्टरला आहे. बाईची संमती लागते, पण करायचा की नाही हे डॉक्टरच्या मतावर ठरतं. "मला नको आहे" एवढं कारण आपला कायदा ओळखत नाही. तिच्या जिवाला धोका, शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा, बलात्कार, गर्भात गंभीर व्यंग असण्याची शक्यता किंवा संततिनियमनाचं साधन फसणं, यांपैकी काहीतरी असावं लागतं. चांगला डॉक्टर तिचं म्हणणं ऐकून यातलं लागू पडणारं कारण लिहितो आणि काम होतं. ज्याच्या मनात नाही तो "जमणार नाही" म्हणतो, आणि तीही घरी जाते. मला या सगळ्या चर्चेतून लोकांच्या मनात एक गोष्ट रुजवायची असते ती हीच. आपल्याकडे गर्भपात कायदेशीर आहे, पण तो बाईचा हक्क म्हणून लिहिलेला नाही. डॉक्टरला दिलेली सूट म्हणून लिहिलेला आहे. असावा की नसावा हा वाद आपल्यापुरता इथून सुरू व्हायला हवा.

या कायद्याला महाराष्ट्राचा हात लागलेला आहे. १९६४ मध्ये केंद्राने जी समिती नेमली तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे आपल्या राज्याचे आरोग्यमंत्री होते. समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरताहेत हे त्यामागचं मोठं कारण होतं. लोकसंख्या कमी करण्याची घाई हेही त्या काळचं कारण होतंच, ते लपवू नका. बाईच्या स्वातंत्र्यासाठी हा कायदा आला असं सांगितलं तर ते खोटं होईल.

बाकीच्या वाक्यांची उत्तरं भराभर द्या. नवऱ्याची सही लागत नाही. बाई अठरा वर्षांची पूर्ण असेल आणि तिला मानसिक आजार नसेल तर फक्त तिची संमती पुरते, ती फॉर्म सी या ठरलेल्या नमुन्यावर घेतात. दवाखाने नवऱ्याची सही मागतात, कारण उद्या तो भांडायला येईल अशी त्यांना भीती असते, कायदा तसं म्हणत नाही. लग्नाची अटही नाही. साधन फसलं या कारणापुढे पूर्वी "विवाहित स्त्री आणि तिचा पती" असं लिहिलेलं होतं, २०२१ च्या दुरुस्तीने ते "स्त्री आणि तिचा जोडीदार" केलं. पहिला, दुसरा असा भेद कायद्यात नाही. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. हे उत्तर सावकाश सांगा, दोनदा सांगा. "पाळी चुकून दोनच आठवडे झाले" म्हणणारी बाई कायद्याच्या आणि डॉक्टरच्या हिशोबाने सहा आठवड्यांची गरोदर असते. या एका गैरसमजापायी बायका उशिरा पोचतात.

मुदतीचं गणित फळ्यावर काढा. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोघांचं लागतं आणि तेही ठरावीक बायकांनाच: बलात्कार किंवा घरातल्या माणसाकडून अत्याचार झालेली, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, मानसिक आजार असलेली, गर्भात व्यंग आढळलेली, आपत्तीत सापडलेली. २४ च्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तरच, आणि त्यासाठी वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं. मंडळाने तीन दिवसांत उत्तर द्यायचं असतं. बाईचा जीवच धोक्यात असेल तर मात्र आठवडे मोजत बसायचं नाही, तिथे कुठलीही मुदत आड येत नाही.

मुलगी नको म्हणून

यावर जेवढा वेळ द्याल तेवढा थोडा. सोनोग्राफी सेंटरमध्ये "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी सगळ्यांनी वाचलेली असते, मुलगी वाचवण्याच्या घोषणा रिक्षामागे वाचलेल्या असतात. त्यातून सामान्य माणसाची समजूत अशी होते की गर्भपातावरच बंदी आहे. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकाही हे बोलून दाखवतात. औषधाची दुकानं गोळ्या ठेवायला कचरतात, डॉक्टर विनाकारण लफडं नको म्हणून दुसरीकडे पाठवतात.

दोन कायदे वेगळे करून दाखवा. गर्भ मुलाचा की मुलीचा हे शोधणं आणि सांगणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये असा कायदा केला, देशात सगळ्यात आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो असूनही अंमलबजावणी होईना म्हणून २००० साली तीन अर्जदार सर्वोच्च न्यायालयात गेले: आरोग्यावर संशोधन करणारी सेहत ही संस्था, कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज आणि आपल्या पुण्यातली, पुरंदर तालुक्यात काम करणारी मासूम ही संस्था. त्यानंतर २००३ मध्ये कायदा कडक झाला. गंभीर आकडे सांगायचेच असतील तर जनगणनेचे सांगा. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली, महाराष्ट्रात २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात २०११ ला ८०७.

मासूमचं उदाहरण मी मुद्दाम देते. लिंगनिवडीविरुद्ध ज्यांनी दिल्लीपर्यंत लढा दिला, त्याच लोकांनी सुरक्षित गर्भपाताची बाजूही सोडली नाही. दोन्ही एकाच वेळी म्हणता येतं. सोनोग्राफीचं मशीन बारा-तेरा आठवड्यांनंतर लिंग दाखवू शकतं. आठव्या आठवड्यात "आता मूल नको" म्हणणाऱ्या बाईला मुलगा की मुलगी हे माहीतच नसतं. तिला अडवून एकही मुलगी वाचत नाही.

तरी या जागी कुणीतरी अवघड प्रश्न विचारेल आणि तो विचारायलाच हवा: "निर्णय बाईचा म्हणता, मग दोन मुलींनंतर तिलाच मुलगा हवा असेल तर?" घाईने उत्तर देऊ नका. तिसरी मुलगी झाली तर तिचं घरात काय होणार होतं, ते गटालाच सांगू द्या. बायका हे भडाभडा सांगतात. निर्णय तिचा होता की तिच्या तोंडून घरच्यांनी वदवला, हे त्यातून आपोआप पुढे येतं. माझ्यापुरतं उत्तर असं की गुन्हा मशीनवाल्याचा आणि घराचा, शिक्षेत त्या बाईला ओढू नये.

"जीव आहे तो"

हे कुणीतरी म्हणणारच. बहुधा एखादे आजोबा, किंवा ज्यांना फार उशिरा, फार उपचार करून मूल झालं अशी एखादी ताई. त्यांना कधीही "मांसाचा गोळा असतो नुसता" असं उत्तर देऊ नका. ते क्रूर आहे आणि अर्धवटही आहे. जे आहे ते सांगा. सहाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफीत धडधड दिसते. अठरा-वीस आठवड्यांना आईला हालचाल जाणवते. चोवीस आठवड्यांच्या सुमाराला, अतिदक्षता विभाग चांगला असेल तर, बाहेर आलेलं बाळ जगण्याची काही शक्यता तयार होते. आठवड्यांबरोबर आपलं नैतिक ओझं वाढत जातं असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटतं, आणि कायद्याच्या पायऱ्याही तशाच रचलेल्या आहेत. गर्भ म्हणजे काहीच नाही असं मी प्रसूतिगृहात काम करून म्हणूच शकत नाही. माझं म्हणणं इतकंच की तो ज्या शरीरात आहे तिथे आधीपासून एक माणूस राहतं, आणि त्या माणसाच्या इच्छेविरुद्ध तिचं शरीर नऊ महिने वापरायची परवानगी सरकारकडे नसावी.

शास्त्राचा दाखला निघाला तर तोही पूर्ण मांडू द्या. भ्रूणहत्या धर्मशास्त्रात महापातकांत मोडते हे खरं आहे. मग मी विचारते: एकोणिसाव्या शतकात, याच पुण्यात, बालविधवेला दिवस गेले तर शास्त्राने तिच्यासाठी काय ठेवलं होतं? विहीर, नाहीतर जन्मताच बाळाचा गळा. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी गंज पेठेत आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं म्हणून. तिथे बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. फुल्यांनी त्या बाईला पापी न म्हणता तिच्यासाठी दार उघडलं. गर्भपाताला विरोध असणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण विरोध करण्याची ही प्रामाणिक रीत आहे: "गर्भ ठेव" म्हणायचं असेल तर तिची आणि बाळाची जबाबदारी घे. ऐकणारे अंतर्मुख होतात. काही जण मत बदलत नाहीत, पण तिसऱ्या प्रश्नापासून पळतही नाहीत.

दुसरा वजनदार आक्षेप अपंगांच्या बाजूने येतो, आणि पुण्यात तो येतोच, इथे विशेष मुलांच्या पालकांचे गट जागरूक आहेत. व्यंग असलेल्या गर्भाला २४ आठवड्यांनंतरही पाडायची मुभा, आणि धडधाकट गर्भाला नाही, याचा अर्थ काय? आमच्या मुलांचं आयुष्य कमी मोलाचं? या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही, आणि कायद्याकडेही नाही असं मी स्पष्ट म्हणते. १९९४ मध्ये शिरूरच्या वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते वयस्क लोकांना आठवतं. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं. पुढे २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका मतिमंद मुलीची मूल ठेवायची इच्छा मान्य केली आणि मूल होऊ देणं, न देणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असं म्हटलं. बाईचा निर्णय म्हणजे ठेवायचा निर्णयसुद्धा, हे या प्रकरणातून नीट समजतं.

न्यायाधीश व्हायला लावा

चर्चा एकाच जागी घुटमळू लागली की गटाला न्यायाधीश करा. प्रकरण सांगा, निकाल सांगू नका. पाच-पाच जणांच्या टोळ्या करून दहा मिनिटं द्या.

पहिलं प्रकरण: पंचवीस वर्षांची अविवाहित मुलगी, जोडीदाराने ऐन वेळी लग्नाला नकार दिला, बावीस आठवडे झालेत. दुसरं: दोन मुलांची आई, धाकटं अजून अंगावर पितंय. पाळी परत आलेली नसल्यामुळे दिवस गेल्याचं कळलंच नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर उपचार चालू आहेत. आता सव्वीस आठवडे झालेत, गर्भ निरोगी आहे.

टोळ्या दुसऱ्या बाईला परवानगी देतात आणि पहिलीला नाकारतात, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. न्यायालयात उलट झालं. पहिलीला दिल्ली उच्च न्यायालयाने नाही म्हटलं, पण सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये परवानगी दिली आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलं की २० ते २४ आठवड्यांच्या सवलतीत विवाहित-अविवाहित भेद करता येणार नाही. त्याच निकालात, गर्भपाताच्या कायद्यापुरता, नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच धरला. दुसरीला ऑक्टोबर २०२३ मध्ये आधी दोन न्यायाधीशांनी परवानगी दिली, मग गर्भ जगू शकतो असं डॉक्टरांनी कळवल्यावर त्या दोघींमध्येच मतभेद झाला. न्या. नागरत्ना बाईच्या इच्छेच्या बाजूला राहिल्या, न्या. हिमा कोहली यांनी मत बदललं. शेवटी तीन न्यायाधीशांनी नकार दिला. हे सांगितल्यावर लोक आपणहून म्हणतात की चौथ्या महिन्यात तिला कुणी नीट तपासलं असतं तर ती न्यायालयात गेलीच नसती. मुदत किती असावी यापेक्षा उशीर का होतो, हा प्रश्न तेव्हा पुढे येतो आणि तोच जास्त कामाचा आहे.

वेळ असेल तर २००८ चं मुंबईच्या निकेता मेहता यांचं प्रकरण घ्या. बाळाच्या हृदयात गंभीर दोष, चोवीस आठवडे उलटलेले, तेव्हाची मुदत वीसची, उच्च न्यायालयाचा नकार. २०२१ ची दुरुस्ती व्हायला त्यानंतर तेरा वर्षं लागली.

परदेशाचं बोलणं थोडक्यात उरका. कॉलेजची मुलं अमेरिकेचं काढतात: गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ ला उलटवला आणि विषय राज्यांकडे गेला. ते खरं आहे, पण तिथली घोषणाबाजी इथे लावू नका, तिथला वाद आणि आपल्या कायद्याची घडण वेगळी आहे. बंदी आली की काय होतं हे दाखवायला मला दोन उदाहरणं पुरतात. रोमानियात १९६६ मध्ये गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. गर्भपात थांबले नाहीत, बायका मेल्या. डिसेंबर १९८९ मध्ये बंदी उठली आणि पुढच्या वर्षात मातामृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. दुसरं आपल्या शेजारचं. बेळगावची सविता हलप्पनवार, दंतवैद्य, वय एकतीस. २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवे इथे सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ आपोआप पडू लागला होता, वाचणार नव्हता, तरी ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात करण्याची तिची विनंती मानली गेली नाही. जंतुसंसर्गाने २८ ऑक्टोबरला ती गेली. २५ मे २०१८ च्या सार्वमतात आयर्लंडने राज्यघटनेतली गर्भपातबंदी काढून टाकली. सविताबद्दल बोलताना आवाज चढवू नका, नुसतं सांगा.

अल्पवयीन मुलींबद्दल चिठ्ठी येतेच. अठरा वर्षांखाली पालकाची संमती लागते, आणि पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यामुळे डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. मात्र मुलीने आणि पालकाने विनंती केली तर तिचं नाव उघड न करता कळवता येतं, हे २०२२ च्याच निकालात आहे. एवढंच सांगा आणि प्रत्येक मुलीची परिस्थिती वेगळी असते म्हणून समुपदेशकाकडे पाठवा.

बैठक संपल्यावर

सतरंज्या गुंडाळायला मुद्दाम उशीर लावा. कुणीतरी मागे रेंगाळते. ती "माझ्या भाचीसाठी विचारते" म्हणेल, तिला भाचीसाठीच उत्तर द्या. हा भाग तुम्हाला तोंडपाठ हवा.

शेवटची पाळी कधी आली ते विचारा आणि आठवडे मोजून सांगा. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतं, मिफेप्रिस्टोन आणि नंतर मिसोप्रोस्टॉल, आणि त्या डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या. देशात २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर घेतलेल्या गोळ्यांनी, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे मेडिकलमधून आणून घेणाऱ्या बायका खूप आहेत, त्यांना दरडावून उपयोग नाही. कारण समजावून सांगा: गर्भ पिशवीतच आहे की नळीत, हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि नळीत असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटून जीव जाऊ शकतो. तांबी बसवलेली असेल, रक्त फार कमी असेल, रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं. गोळ्यांनंतर एका तासात दोन पॅड पूर्ण भिजले आणि दुसऱ्या तासातही तसंच झालं, ताप उतरला नाही, पोटात एका बाजूला कळ येऊन चक्कर आली, तर वाट न बघता दवाखाना, नाहीतर १०८ ची रुग्णवाहिका.

कुठे जायचं हेही सांगा. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत गर्भपात होतो: ससून, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीकडे राहणाऱ्यांना वायसीएम, म्हणजे यशवंतराव चव्हाण रुग्णालय. खासगी ठिकाणी जायचं तर गर्भपात केंद्र म्हणून मान्यतेचं प्रमाणपत्र आहे का ते विचारायचं. तिचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, हे तिला आवर्जून सांगा, कारण पुष्कळ जणी फक्त नाव फुटेल या भीतीने गल्लीतल्या कुणाकडे तरी जातात. सहीसाठी नवरा मागितला तर "फॉर्म सी वर माझीच सही लागते" हे वाक्य तिच्याकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्या. आणि एकटी जाऊ नकोस म्हणावं. बरोबर कुणी नसेल तर गटातली एकजण जाईल, हे बैठकीच्या आधीच आपापसात ठरवून ठेवा, आणि त्या बाईचा त्या आठवड्यातला मोकळा वार विचारून घ्या.